डाउनलोड करण्याआधी

प्रिय मित्रा,

मेंदूचे एमआरआय स्कॅन संशोधनासाठी कुठे मिळतील, असं तू विचारलंयस. भरपूर ठिकाणी मिळतात. बहुतेकांचं घोडं अडतं ते आधी डेटा उतरवून मागून प्रश्न शोधण्यात.

म्हणून आधी कागदावर लिही: वय कोणतं, आजार कोणता, मेंदूच्या रचनेचे स्कॅन हवेत की मेंदू काम करताना टिपणारे एफएमआरआय, एकदाचेच की त्याच माणसाचे काही वर्षांच्या अंतराने घेतलेले? एवढ्यावरच उपलब्ध संचांची अर्धी यादी गळून पडते. निरोगी तरुण हवे असतील तर ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचा संच; त्यात २२ ते ३५ वयाचे सुमारे १२०० जण आहेत. अल्झायमरसाठी अ‍ॅडनी हा संच, पण तिथे अर्ज करावा लागतो. यूके बायोबँक हा ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्य-माहितीचा साठा अवाढव्य आहे, मात्र मंजुरी आणि शुल्क दोन्ही लागतात. पहिल्याच प्रकल्पासाठी तिच्या नादी लागू नये, असं माझं मत.

सुरुवात ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या संकेतस्थळापासून कर. तिथला डेटा बिड्स या ठरलेल्या मांडणीत असतो, त्यामुळे फाइलच्या नावावरूनच कोणाचा कोणता स्कॅन ते कळतं. स्कॅनना हात लावण्याआधी सहभागींच्या माहितीचा छोटा तक्ता उघड. रिकामे रकाने किती आहेत ते तिथेच दिसतं.

आता खरी मेख. ऑटिझमचा एबाइड हा संच २०१२ साली खुला झाला: १७ केंद्रं, १११२ जण. आकडा भुरळ घालतो. पण केंद्रागणिक मशीन वेगळं, सेटिंग वेगळं. कुठे डोळे उघडे ठेवायला सांगितले, कुठे मिटायला. तुझं संगणकावरचं मॉडेल स्कॅनवरून ऑटिझम ओळखतंय असं वाटेल आणि प्रत्यक्षात स्कॅन कुठल्या मशीनवरचा एवढंच ते ओळखत असेल, किंवा स्कॅनच्या वेळी कोणाचं डोकं जास्त हललं ते. म्हणून एक अख्खं केंद्र बाजूला ठेव आणि चाचणी त्याच्यावर घे. कॉम्बॅटसारख्या पद्धतींनी केंद्रांमधला फरक कमी होतो हे खरं, पण सगळे रुग्ण एका केंद्रातले आणि सगळे निरोगी दुसऱ्यातले असतील, तर तो गुंता कुठलंच गणित सोडवत नाही.

वापराचा करार कंटाळवाणा असतो, तरी वाच. कोणाची ओळख पटवायचा प्रयत्न करायचा नाही, आणि करारावर मिळालेल्या फाइली मित्राला परस्पर द्यायच्या नाहीत; त्यालाही स्वतःच अर्ज करू दे. तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीलाही आधीच विचारून ठेव. वापरलेल्या संचाची आवृत्ती वहीत नोंदव, पुढे पेपर लिहिताना ती लागेलच.

तो प्रश्नांचा कागद मला पाठव, मग यादी बघू.