ओकवरचं स्पॅनिश मॉस काढायचं का? : जॅक्सनव्हिलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तसा आधी मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला जुनं घर घेतलंत. मागच्या अंगणात मोठा लाइव्ह ओक (सदाहरित ओक) आहे आणि त्याच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबताहेत. एका बाजूच्या काही फांद्या वाळल्या आहेत. झाडं छाटणारा एक जण दारावर येऊन सांगून गेला की हे मॉस झाडाचा रस शोषतंय, सगळं उतरवलं नाही तर झाड जाईल. भारतातून आलेल्या सासूबाईही "बांडगूळ आहे, काढून टाका" म्हणताहेत. शिवाय मुलांना त्यातून काही चावेल ही भीती आहे, आणि जमलं तर थोडं मॉस पुण्याच्या घरी न्यायचंय.

मॉस काढू नका. वाळलेल्या फांद्यांकडे मात्र लगेच लक्ष द्या.

सासूबाईंना शंका आली यात नवल नाही. आंब्यावरचं बांडगूळ ज्यांनी पाहिलंय त्यांना फांदीवर उपरं काहीही दिसलं की तेच आठवतं. पण बांडगूळ फांदीच्या आत शिरतं आणि झाडाचं पाणी, क्षार ओढून घेतं. स्पॅनिश मॉसकडे आत शिरण्याचं साधनच नाही. बी रुजताना नावापुरती मुळं फुटतात, पुढे तीही राहत नाहीत. वाढलेलं मॉस फांदीवर नुसतं अडकलेलं असतं, इथे ते टेलिफोनच्या तारांवरही वाढलेलं दिसेल. सासूबाईंना समजावायचंच असेल तर सीतेच्या वेणीचं उदाहरण द्या. सह्याद्रीत जांभळा-आंब्याच्या खोडावर ती आमरी राहते, फुलते, आणि झाडाचं काही खात नाही. हेही तसंच.

नावात मॉस असलं तरी ते शेवाळही नाही. अननसाच्या कुळातलं फुलझाड आहे. फुलं इतकी बारीक आणि पोपटी की बहुतेकांना दिसतच नाहीत, पण उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री झाडाखाली उभ्या राहिलात तर मंद वास येतो. खोडाच्या सालीवर जे चपटे राखाडी पापुद्रे दिसतील ते वेगळे, ते लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याच गटातलं. त्यांचाही झाडाला त्रास नाही. (अंगणातलं मसाल्यात घालू नका, हे सांगावं लागतं कारण एकदा एकीने गंभीरपणे विचारलं होतं.)

मग मॉस जगतं कशावर? एक झुपका हातात घेऊन त्यावर पाणी शिंपडा. राखाडी रंग बघता बघता हिरवा होईल. प्रत्येक धाग्यावर बारीक खवले असतात. कोरडे असताना ते उन्हाला परतवतात म्हणून मॉस राखाडी दिसतं, पाणी मिळालं की ते पाणी आत घेतात आणि खालचा हिरवा रंग दिसू लागतो. पाऊस, धुकं, दव आणि त्यांत विरघळलेले क्षार, एवढाच त्याचा आहार. पानांवरची सूक्ष्म छिद्रं ते रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून त्यातून अन्न बनवतं. अननस आणि निवडुंगही हेच करतात. मुळांशिवाय फ्लोरिडाच्या उन्हात टिकायचं तर दिवसा पाणी उडवून चालत नाही.

ते लाइव्ह ओक आणि बाल्ड सायप्रेस (दलदलीत वाढणारं सूचिपर्णी झाड) यांवरच जास्त का दिसतं, याचं उत्तरही यात आहे. या झाडांच्या पानांवरून निथळणाऱ्या पावसाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फरस उतरतात आणि मॉस ते उचलतं. झाडाच्या आतल्या साठ्याला हात लागत नाही. सगळं हवापाण्यातून घेतं म्हणून हवेतले जड धातूही त्यात साठतात, आणि प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ त्याचा वापर करतात.

आता तुमच्या वाळलेल्या फांद्या. मॉसला उजेड लागतो. निरोगी ओकची पानं दाट असतात, आत ऊन कमी पोहोचतं. झाड कुठल्यातरी कारणाने खंगू लागलं की पानं विरळ होतात, ऊन आत येतं आणि मॉस फोफावतं. बघणाऱ्याला वाटतं मॉस वाढलं म्हणून झाड वाळलं, प्रत्यक्षात झाड आधी विरळ झालेलं असतं. दारावर येणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं असं नाही.

जॉर्जियातलं सव्हाना शहर तुमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. तिथल्या वर्मस्लो या जुन्या इस्टेटीचा रस्ता बघून या. १८९० च्या दशकात दुतर्फा लावलेले चारशेहून जास्त लाइव्ह ओक आहेत, त्यांवर मॉस लोंबतंय, आणि झाडं खणखणीत आहेत. मॉसने झाडं मरत असती तर तो रस्ता केव्हाच उघडा पडला असता.

मॉस अगदीच निरुपद्रवी आहे असंही म्हणणार नाही. ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. आधीच कमकुवत फांदीवर भिजलेल्या मॉसचा मोठा भार असेल तर वादळात ती मोडू शकते. लहान झाडावर मॉस इतकं दाटलं की पानंच झाकली गेली, तर वाढ मंदावते. अशा फांदीवरचं हाताने किंवा लांब काठीने थोडं उतरवा, बाकीचं राहू द्या.

झाडाचं खरं दुखणं शोधायला वर न बघता खाली बघा. बुंधा जमिनीला मिळतो तिथे तो रुंद होत गेलेला दिसला पाहिजे. खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला तर कुणीतरी नंतर माती भरली आहे आणि मुळं गुदमरताहेत. जुन्या घरांत हे फार होतं: अंगण सपाट करायला माती टाकतात, नव्या पाइपसाठी चर खणतात, ड्राइव्हवे रुंद करतात. मुळं तुटल्यावर झाड लगेच वाळत नाही, परिणाम काही वर्षांनी दिसतो, तोवर घर विकलेलंही असतं. म्हणून आधीच्या मालकांनी काय काम केलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, आणि फांद्या वाळल्यात त्याच बाजूला ते काम झालं होतं का ते पाहा.

बुंध्याला लाकडाचा भुगा ढिगासारखा चढवलेला असेल तर मागे सारा. स्प्रिंकलरचं पाणी रोज खोडावर पडत असेल तर त्याचा रोख बदला. बुंध्याशी कडक, फळीसारखी भूछत्रं उगवली असतील तर आत कुज असू शकते, ते तज्ज्ञाला दाखवाच. आणि हिरवळीवर खत आणि तणनाशक एकत्र असलेलं मिश्रण टाकत असाल तर पिशवीवरचं बारीक अक्षर वाचा. त्यातली काही तणनाशकं मुळांवाटे झाडाला बाधतात. ओकची मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, त्यामुळे "मी झाडापासून लांब टाकलं" याला अर्थ नाही.

एका गोष्टीने मात्र घाबरू नका. लाइव्ह ओक सदाहरित असला तरी वसंतात, साधारण मार्चच्या आसपास, जुनी पानं धडाधड टाकतो आणि त्याच सुमारास नवी येतात. नवीन आलेली मंडळी दरवर्षी तेव्हा "झाड मेलं" म्हणून विचारतात. काही आठवडे थांबा.

तज्ज्ञ बोलवायचा तर इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेला, आणि आपणहून दारावर न आलेला. जिवंत झाडावर टोकदार खिळ्यांचे बूट घालून चढणाऱ्याला परत पाठवा, प्रत्येक पावलाला सालीत जखम होते. मॉस उतरवणारे आणखी एक करतात, त्याची मला जास्त चीड आहे. हात पोहोचावा म्हणून ते आतल्या बारीक फांद्या साफ करून टाकतात, मग पानं फक्त टोकाला उरतात. दिसायला झाड हलकं आणि नीटस दिसतं. पण सगळा भार टोकाशी गेल्यामुळे वाऱ्यात फांद्या मोडायला लागतात. वादळांनंतर फ्लोरिडा विद्यापीठाने केलेल्या पाहण्यांत लाइव्ह ओक सर्वांत टिकाऊ झाडांत आला आहे. नीट राखलेला ओक तुमच्या घराला धोका कमी आणि आडोसा जास्त देतो. तांबं असलेल्या औषधाच्या फवाऱ्याने मॉस मारून देतो म्हणणाराही भेटेल. त्याने मॉस मरतं खरं, पण मेलेलं मॉस झाडावरच लोंबत राहतं, आणि वाऱ्याबरोबर दुसरीकडचे तुकडे येऊन पुन्हा रुजतात.

किड्यांचं थोडक्यात. इथे चिगर नावाचे बारीक लाल माइट असतात, चावले की दिवसचे दिवस खाज सुटते. ते जमिनीजवळ, गवतात राहतात. वर टांगलेल्या मॉसमध्ये ते सहसा नसतात, पण खाली पडून राहिलेल्या मॉसमध्ये शिरू शकतात. मुलांना पडलेल्या ढिगावर लोळू देऊ नका, इतकंच. वरच्या मॉसमध्ये राहणारे वेगळे आहेत: एक छोटा उडी मारणारा कोळी केवळ स्पॅनिश मॉसमध्येच सापडतो, सेमिनोल वटवाघूळ दिवसा त्यात झोपतं आणि नॉर्दर्न परुला हा चिमुकला पक्षी त्यातच घरटं विणतो. सगळं मॉस उतरवलं तर यांचंही घर जातं. काही उतरवायचंच असेल तर निदान वसंतात नको.

मॉस उतरवणं हा इथला एके काळचा मोठा धंदा होता, हे जाता जाता सांगते, कारण बाहेरून येणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. लुइझियाना आणि फ्लोरिडात आकड्याच्या लांब काठ्यांनी मॉस ओढून काढत, खड्ड्यात किंवा ढिगात भिजवून महिनोन्‌महिने कुजवत. वरची राखाडी साल गळून गेली की आत घोड्याच्या केसासारखा काळा, चिवट धागा उरतो. कापसासारखी त्याचीही जिनिंग होई आणि तो गाद्यांत, कोचांत, मोटारींच्या सीटांत भरत. फोम रबर आल्यावर हा धंदा बसला. लुइझियानातल्या जुन्या फ्रेंच घरांच्या भिंतींत चिखल आणि मॉस कालवून भरलेलं आहे. आणि सव्हाना नदीतल्या स्टॅलिंग्ज बेटाच्या परिसरात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी सापडली आहेत, ती उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी. त्यांच्या मातीत वनस्पतींचे धागे मळलेले होते, त्यांत हेच मॉस असे.

गणपतीच्या मखराला हेच मॉस वापरण्याची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. दिसतं सुंदर. पण झाडावरचं थेट आणू नका, आधी उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवा, नाहीतर किडे घरात येतात. आणि वाळलेलं मॉस भसकन पेटतं. निरांजन, उदबत्ती, दिवाळीच्या पणत्या, फुलबाज्या यांच्या जवळपासही नको.

पुण्याला मात्र बॅगेत घालून नेऊ नका. जिवंत रोपं भारतात आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि अमेरिकन सरकारचं फायटोसॅनिटरी (रोपाला कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. एका झुपक्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मुंबई-पुण्याच्या नर्सऱ्यांत ते मिळतं, एअर प्लांट म्हणून विचारा. कुंडीत, मातीत लावायचं नाही. तारेवर सैल पसरून टांगा, घट्ट गुंडाळी केली की मधला भाग कुजतो. तार तांब्याची नको. सकाळचं कोवळं ऊन, वारा, आणि मार्च ते मे रोज सकाळ-संध्याकाळ फवारा, कारण पुण्याचा कोरडा उन्हाळा त्याला फार जड जातो. टाकीच्या पाण्याने पांढरे क्षार बसतात, साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम. पावसाळ्यात उलट काळजी: सततच्या पावसात आणि कोंदट गॅलरीत काळं पडतं, म्हणून वारा खेळेल अशा जागी हलवा. शेजारच्या कुंड्यांवर बोर्डो मिश्रण फवारणार असाल तर आधी मॉस आत न्या. त्यात मोरचूद असतो, आणि तांबं या कुळाला विष आहे.

ओकचे फोटो टाकणार असाल तर मॉसचे नकोत. बुंधा जमिनीला मिळतो तिथला चारही बाजूंनी एकेक, आणि वाळलेल्या बाजूच्या फांद्यांच्या टोकांचा जवळून. त्यावरून पुढचं सांगता येईल.