माळाला ओसाड म्हणू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गावचा माळ ओसाड पडलाय, तिथे यंदा ५,००० रोपं लावून तापत्या हवामानावर आपल्यापरीने उतारा काढायचा, असा तुझा बेत. उत्साह मोडायचा नाही मला, पण आधी एक काम कर. चांगला पाऊस पडून गेला की माळावर जा आणि मारवेल गवताचा एक ठोंब कुदळीने मुळासकट उकर. वर वीतभर हिरवं असेल. खाली मात्र मुळांचं दाट जाळं, मुरमात फट मिळेल तिथे घुसलेलं, आणि त्याला चिकटलेली काळपट, भुसभुशीत माती. हवा तापवणारा जो कार्बन तुला झाडांत साठवायचाय, तो तिथे आहे.

गवत हवेतून जो कार्बन घेतं त्यातला मोठा वाटा जमिनीखाली ठेवतं. वरचं मेंढरांनी खाल्लं, वणव्यात जळालं, तरी खालची पुंजी बरीचशी शाबूत. झाडाची पुष्कळशी पुंजी खोडा-फांद्यांत. दुष्काळात ते वाळलं, पेटलं, की ती गेली परत हवेत. सोलापूरकडच्या पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात हा हिशेब विसरून चालत नाही.

मी विसरलो होतो. तरुणपणी आम्ही अशाच एका माळावर चर खणले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. उलटलेली माती उघडी पडली की तिच्यात साठलेला कार्बन सूक्ष्मजंतू खातात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन तो वर जातो, हे आमच्या गावीही नव्हतं. दोन उन्हाळे टँकरने पाणी घातलं. बरीच रोपं मेली. जी जगली त्यांच्या सावलीत गवत गेलं आणि धनगरांनी वाट बदलली. फोटो मात्र झकास आले होते!

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. असला आकडा ऐकलास की लक्षात ठेव, तो रोपांचा असतो, झाडांचा नव्हे.

माळाला ‘ओसाड’ ठरवणारी नजरही आपली नाही खरं तर. इंग्रजांच्या महसुली दप्तरात ज्यातून सारा येत नाही ती जमीन पडीक, आणि आपण अजून तेच गिरवतोय. सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य ज्याच्यासाठी राखलं त्या माळढोक पक्ष्याला विचार. त्याला लांबवर नजर पोचेल असं मोकळं गवतच लागतं, दाट झाडी त्याच्या कामाची नाही.

झाडं लावूच नकोस असं म्हणत नाही. ओढ्याकाठी करंज, जांभूळ लाव. बांधावर बाभूळ, बोर, कडुनिंब. माळावर आधीपासून उभे असलेले हिवर तसेच राहू देत, ते तिथलेच. आणि गावात जुनी देवराई असेल तर पहिली तिच्यावरची कुऱ्हाड थांबव. जुन्या झाडाने जमवलेलं रोपाने भरून काढायला तुझं आयुष्य पुरणार नाही.

उकरलेला ठोंब लगेच परत लाव, ओल असेल तर तो धरतो. मुळं किती खोल गेलीत ते मोजून कळव. ५,००० रोपांचं त्यानंतर बघू.

तुझा,
काका