‘अंतिम फेरी’ म्हणजे नक्की कोणती?

विचारणा अशी आहे: नॅसकार या अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या मालिकेच्या जुन्या हंगामांवर मराठीत लिहिताना ‘१९८५ साली रिव्हरसाइडच्या रस्त्यावर झालेल्या अंतिम फेरीत बिल इलियट हरला’ हे वाक्य चालेल का? आणि ‘स्टॉक कार’ला मराठी शब्द काय?

आधी ‘अंतिम फेरी’ काढून टाका. मोटार शर्यतीत फेरी म्हणजे ट्रॅकला मारलेला एक वेढा, म्हणजे लॅप. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला या शर्यतीच्या ११९ फेऱ्या असत. तुमचं वाक्य वाचणारा ११९वी फेरीच डोळ्यांपुढे आणणार आणि ड्रायव्हर इलियट पार शेवटाला मागे पडला असं समजणार. झालं होतं उलटंच. त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स सुरुवातीलाच बिघडला होता.

‘अंतिम फेरी’चा दुसरा अर्थ कबड्डीतला किंवा बैलगाडा शर्यतीतला: गट, सेमी, मग फायनल. हरलेला घरी, जिंकलेला पुढे, आणि फायनल मारली की झेंडा त्याचाच. नॅसकारच्या त्या हंगामात असं काही नव्हतं. एकूण २८ शर्यती, प्रत्येकीचे गुण, आणि वर्षभराची बेरीज ज्याची जास्त त्याचं अजिंक्यपद. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, असे सहाव्यापर्यंत पाच-पाचने कमी, पुढे चार-चारने, मग तीन-तीनने. एखादी फेरी जरी आघाडीवर राहून पूर्ण केली तरी वर पाच गुण. इलियटने वर्षात ११ शर्यती जिंकल्या होत्या, त्याचा प्रतिस्पर्धी डॅरेल वॉल्ट्रिपने फक्त ३. तरी रिव्हरसाइडला येताना वॉल्ट्रिप २० गुणांनी पुढे होता. तिथे तो सातवा आला, इलियट ३१वा, आणि फरक १०१ गुणांवर जाऊन अजिंक्यपद वॉल्ट्रिपचं झालं. त्या दिवशीची शर्यत जिंकली तिसऱ्यानेच, रिकी रडने. ‘अंतिम फेरीचा विजेता’ म्हटलं तर विजेता कोण, रड की वॉल्ट्रिप? (२०१४ ते २०२५ या काळात नॅसकारमध्ये बाद पद्धत होती. त्या काळाबद्दल लिहिताना ‘बाद फेरी’ म्हणता येईल, पण तेव्हाही बाद झालेले ड्रायव्हर शर्यतीत धावायचेच.)

म्हणून ‘हंगामअखेरची शर्यत’ म्हणा. वर्षअखेर, मार्चअखेर यांच्याच घडणीचा शब्द आहे, कानाला खटकत नाही. ‘रिव्हरसाइडची शेवटची शर्यत’ मात्र नको. हंगाम तिथे संपायचा तो १९८१ ते १९८६, नोव्हेंबरात. पण त्या ट्रॅकवरची नॅसकारची शेवटची शर्यत जून १९८८मधली. पुढे ट्रॅक मोडून तिथे मॉल उभा राहिला. १९८१ साली तर जानेवारीत हंगाम तिथेच सुरू झाला आणि नोव्हेंबरात तिथेच संपला, दोन्ही शर्यतींचं नाव ‘विन्स्टन वेस्टर्न ५००’. त्या वर्षाबद्दल महिना लिहायलाच हवा. जाता जाता: हे ५०० किलोमीटर आहेत, मैल नव्हेत. २.६२ मैलांच्या ११९ फेऱ्या म्हणजे साधारण ३१२ मैल. फ्लोरिडातल्या ‘डेटोना ५००’ शर्यतीचे ५०० मात्र मैलच.

‘रस्त्यावर’ हाही फसवा शब्द. तो आलाय इंग्रजी ‘रोड कोर्स’वरून, पण रोड कोर्स म्हणजे रहदारीचा रस्ता नव्हे. डावी-उजवी वळणं आणि चढउतार असलेला, शर्यतीसाठीच बांधलेला बंदिस्त ट्रॅक तो. १९४८ साली न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला गावातल्या खऱ्या रस्त्यांवरून गाड्या धावल्या होत्या. ‘रोड’ त्या काळातलं उरलंय. शिकागोत २०२३मध्ये नॅसकार खरोखर शहरातल्या रस्त्यांवर धावली, ‘रस्त्यावरची शर्यत’ तिच्यासाठी ठेवा. रिव्हरसाइडसाठी ‘वळणांचा ट्रॅक’ पुरे, कारण फरक वळणांतच आहे. लंबगोल ट्रॅकवर फक्त डावीकडे वळायचं, म्हणून गाडीचं वजन आणि चाकांचा कल डाव्या वळणांसाठी लावलेला, आणि बहुतेक वेळ गाडी टॉप गिअरमध्येच. वळणांच्या ट्रॅकवर दोन्ही बाजू सारख्या लावाव्या लागतात, दर फेरीत अनेकदा गिअर पाडायचा-चढवायचा, ब्रेक तापून पकड सोडतात. इलियटचं घोडं गिअरबॉक्सपाशी अडलं ते नेमकं अशा ट्रॅकवर.

राहिला ‘स्टॉक’. ‘साठ्यातली गाडी’ हे भाषांतर हास्यास्पद आहे. आपल्याकडे गॅरेजवाला ‘गाडी स्टॉक आहे’ म्हणतो, म्हणजे कंपनीतून आली तशी, काही बदललेलं नाही. मूळ अर्थ तोच. १९ जून १९४९ला शार्लटच्या पहिल्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यतीत ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या निघाल्या. चोरट्या दारूच्या खेपा मारणाऱ्यांची ती युक्ती. त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. १९८५पर्यंत मात्र इलियटच्या फोर्ड थंडरबर्ड गाडीखाली पाइप जोडून बनवलेला शर्यतीचाच सांगाडा होता. शोरूमशी नातं उरलं होतं ते मुख्यतः पत्र्याच्या आकारापुरतं. ‘कंपनी फिटिंग गाड्यांची शर्यत’ १९४९ला शोभेल, १९८५ला नाही. तिथे ‘स्टॉक कार’ तसंच राहू द्या.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘१९८५च्या हंगामअखेरच्या शर्यतीत, रिव्हरसाइडच्या वळणांच्या ट्रॅकवर, गिअरबॉक्स बिघडल्याने बिल इलियटचं अजिंक्यपद हुकलं.’