अपेंडिक्समध्ये सापडलेले जंत

प्रश्न : आमच्या ७ वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘पोकळीत एंटेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस’ असं लिहिलंय. जंतांमुळेच अपेंडिक्स सुजलं का? आधी औषध दिलं असतं तर ऑपरेशन टळलं असतं? सासूबाई फणस आणि गुळाला दोष देतात.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ते लांबलचक नाव सुतकृमींचं. पांढरे, शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक. मादी साधारण १ सेंटिमीटर. मोठं आतडं सुरू होतं तिथंच ते राहतात आणि अपेंडिक्सचं तोंडही तिथंच उघडतं. एखादा आत शिरला तर नवल नाही.

रिपोर्टात अपेंडिक्सच्या भिंतीबद्दल काय लिहिलंय ते पाहा. भिंतीच्या स्नायूच्या थरापर्यंत न्यूट्रोफिल (सूज आली की धावून येणाऱ्या पांढऱ्या) पेशी दिसल्या असतील, तर ती खरी सूज. तरीही दोष जंतांचाच असं ठरत नाही; बहुतेक वेळा मळाचा खडा किंवा भिंतीतल्या सुजलेल्या लसिका गाठींमुळे (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांमुळे) अपेंडिक्सची वाट बुजते. भिंत निरोगी असेल, तर नुसत्या जंतांनीही अगदी अपेंडिक्ससारखी कळ येऊ शकते. जंत सापडलेल्या कित्येक अपेंडिक्सना सूज नसतेच. म्हणून औषधाने ऑपरेशन टळलं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. ते उगाच झालं असंही नाही. आधी हा फरक ओळखणं अवघड, आणि फुटलेलं अपेंडिक्स फार महागात पडतं.

मात्र अपेंडिक्स काढलं म्हणजे जंत गेले असं नाही. आतड्यात बाकीचे असतातच. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून, आणि २ आठवड्यांनी पुन्हा एक. दुसरी चुकवू नका : गोळीने जंत मरतात, अंड्यांची खात्री नसते. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावी. गरोदर बाई आणि २ वर्षांखालचं मूल यांच्यासाठी, तसंच मुलीला कधी सुरू करायची यासाठी डॉक्टरांना विचारा.

फणस आणि गूळ निर्दोष आहेत. मादी रात्री बाहेर येऊन शौचाच्या जागेभोवती सुमारे १०,००० अंडी घालते. खाज सुटते, मूल खाजवतं, अंडी नखांत आणि नखांतून तोंडात जातात. दमट, थंड हवेत ती २-३ आठवडे टिकतात. आपल्याकडे पावसाळ्यात कपडे पडवीतच वाळतात, तेव्हा चड्ड्या आणि चादरी कढत पाण्यात धुवाव्यात, वर इस्त्री फिरवावी. अंथरूण झटकू नका, अंडी उडतात. नखं बारीक कापा. रोज सकाळी अंघोळ आणि धुतलेली चड्डी हवीच.

प्रश्न : शाळेत १० फेब्रुवारीला गोळी घेतली होती, तरी जंत कसे?

उत्तर : शाळेतली ती सरकारी जंतनाशक मोहीम मुख्यतः मातीतून होणाऱ्या जंतांसाठी आहे. औषध तेच, पण सुतकृमींना एक मात्रा पुरत नाही, आणि घरातल्यांनी घेतली नसेल तर लागण घरातूनच परत होते.

प्रश्न : शौचाच्या तपासणीत काही सापडलं नाही, पण रात्री खाज आहेच.

उत्तर : अंडी शौचात नाही, बाहेर कातडीवर असतात, म्हणून ती तपासणी बहुधा कोरी येते. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबला द्या. असं सलग ३ सकाळ करा. मूल झोपल्यावर २-३ तासांनी बॅटरीने पाहिलं तर हलणारे जंतही दिसतात.

प्रश्न : पोट दुखलं की आधी वावडिंग किंवा एरंडेल देऊन पाहावं का?

उत्तर : बेंबीजवळ सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, मूल जेवेना, उलटी झाली, किंवा उडी मारताना किंवा खोकताना कळवळलं, तर अजिबात नाही. एरंडेलाने सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. खायला-प्यायला काही न देता शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. १०८ला फोन करा.