ग्लोव्ह्ज काढल्यावर काय, याबद्दल

पठ्ठ्या,

तुझा मेसेज रात्री दीडला आला होता, मी सकाळी वाचला. "सर, सत्तावीस झालं, खांदा साथ देत नाही, बॉक्सिंग सोडलं तर करू काय?" एवढंच. व्हॉइस नोट पाठवणार होतो पण बोलायला लागलो की मी भरकटतो म्हणून टाइप करतोय, तसा लिहितानाही भरकटेनच, सांभाळून घे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, की अजून एक मोठं मेडल आलं असतं तर पुढचं सगळं आपोआप झालं असतं. कौर सिंग हे नाव ऐकलंयस? नसशील ऐकलं, तुमच्या पिढीला बॉक्सर विजेंदर सिंगच्या आधीचं काही माहीत नसतं. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातल्या खनाल खुर्दचे, फौजी माणूस, बॉक्सिंगला लागले तेच तिशीच्या तोंडावर आणि तरी १९८२ च्या दिल्ली एशियाडला हेवीवेटचं गोल्ड घेतलं. त्याआधी १९८० मध्ये दिल्लीतच मोहम्मद अलीबरोबर एक्झिबिशन बाउट खेळले होते. अर्जुन, पद्मश्री, सगळं झालं, १९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक खेळून थांबले, नंतर गावी जाऊन शेती. शेतीबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट ती होती म्हणून घर चाललं. पण २०१७ मध्ये हार्टच्या ट्रीटमेंटसाठी त्यांना २ लाखांचं कर्ज काढावं लागलं आणि तेव्हा बाहेर आलं की गोल्डनंतर जाहीर झालेलं १ लाखाचं बक्षीस त्यांच्या हातात कधी पडलंच नव्हतं. पस्तीस वर्षं! पेपरात आलं मग भराभर मदत आली. २०२३ मध्ये गेले.

तुला घाबरवायला नाही सांगत. मेडल एकदाच मिळतं, किराणा दर महिन्याला भरायचा असतो, एवढंच. केंद्राची खेळाडूंसाठी पेन्शन आहे पण ती ऑलिंपिक, वर्ल्ड, एशियाड, कॉमनवेल्थच्या मेडलवाल्यांना, तुझं नॅशनलचं ब्राँझ आणि माझं इंटर-युनिव्हर्सिटीचं सिल्व्हर घेऊन आपण दोघं त्या रांगेत उभेच राहू शकत नाही.

आणि मणिपूरचा बॉक्सर डिंको सिंग बघ. १९९८ ला बँकॉक एशियाडला जायच्या टीममधून त्याचं नाव आधी कापलं होतं, मग घेतलं आणि पोरगं बँटमवेटचं गोल्ड घेऊन आलं. मेरी कोमने बॉक्सिंगची वाट धरली ती त्याच्याकडे बघून. नेव्हीत नोकरी, पुढे इम्फाळला साईमध्ये, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणात, कोच, म्हणजे आपण ज्याला सेटल होणं म्हणतो ते सगळं त्याने केलं होतं, आणि मग लिव्हरचा कॅन्सर झाला आणि उपचारासाठी घर विकायची वेळ आली. २०२१ मध्ये गेला तेव्हा फक्त ४२ वर्षांचा होता रे. तेव्हा खांद्याचा एमआरआय काढायच्या आधी मेडिक्लेमचं बघ, आणि फॉर्ममध्ये खांद्याचं खरं काय ते लिही, लपवलंस तर क्लेमच्या वेळी तेच पहिलं काढतात.

आता तू मला अमेरिकेच्या हेवीवेट जॉर्ज फोरमनचं उदाहरण देणार, मला माहितीये, सगळे देतात. पंचेचाळिसाव्या वर्षी परत चॅम्पियन झाला ना, १९९४ ला. पण तो १९७७ ला थांबला आणि मधली दहा वर्षं ह्यूस्टनमध्ये चर्चमध्ये प्रवचनं देत होता, पोरांसाठी सेंटर काढलं होतं, त्या सेंटरला पैसे कमी पडायला लागले म्हणून रिंगमध्ये परत आला. आणि खरा पैसा कशावर कमावला तर सँडविच भाजायच्या ग्रिलवर! १९९९ मध्ये त्या ग्रिलवर स्वतःचं नाव वापरू देण्याचे १३ कोटी ७५ लाख डॉलर. कमबॅक करायचं तर आधी ती मधली दहा वर्षं करून दाखव, मग बोलू.

मला विचारशील तर माझा माणूस हवा सिंग. ओळीने ११ वर्षं नॅशनल हेवीवेट चॅम्पियन, १९६६ आणि १९७० अशी दोन्ही एशियाड गोल्ड, आणि नंतर काय केलं तर हरियाणातल्या भिवानीत पोरं घडवत बसला. आज भिवानीला बॉक्सिंगचं गाव म्हणतात त्याची सुरुवात तिथे आहे. कोचना मिळतो तो द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला आणि तो हातात पडायच्या आधीच, ऑगस्ट २००० मध्ये, गेला. तरी त्याच्या नावाने तिथे अजून पोरं बॅगवर उभी राहतात.

माझं स्वतःचं तुला कधी सांगितलं नाही. सोडल्यावर पहिली दोन वर्षं मी एका हॉटेलच्या दारात बाउन्सर होतो. जेवण कॅम्पमधल्यासारखंच चालू, पळणं बंद, ६३ चा ८४ किलो झालो. डोक्यात तीन मिनिटांचा राउंड असा बसलेला की दारात उभा राहूनही दर तीन मिनिटांनी खांदे सैल सोडायचो, बरोबरचा पोरगा हसायचा. पगार दोन महिने थकला, सोडून दिलं. मग आमच्या सरांनी बोलावलं आणि पोरांचे ठोसे झेलायचे पॅड हातात दिले. मला वाटलं ह्यात काय. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत कोपर गेलं, कारण मी पॅड नुसता धरून उभा, पोराचा ठोसा येतोय आणि मी घेतोय. सर म्हणाले अरे भिंत होऊ नको. ठोसा लागायच्या क्षणाला पॅड दोन बोटं पुढे न्यायचा, जास्त नेलास तर पोराचं मनगट दुखतं, मागे घेतलास तर त्याचा खांदा ओढला जातो. आणि नजर पॅडवर नाही, त्याच्या पुढच्या पायावर, कारण ठोसा हातात दिसायच्या आधी तिथे दिसतो. हे मला यायला आठ महिने लागले. बारा वर्षं ठोसे मारून जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं, ह्याचा मला अजून जरा राग येतो.

म्हणून म्हणतो, खांदा आहे तोवर हे शिक. बरोबरीने कागदांचं काम कर. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा फॉर्म भरायचा असेल तर सर्टिफिकेटची पडताळणी आत्ता करून ठेव, जाहिरात आल्यावर धावू नको, खोट्या सर्टिफिकेटांमुळे आता प्रत्येक कागद उलटसुलट बघतात आणि त्यात खऱ्यांचीही दमछाक होते. पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा जमला तर उत्तम, नाही जमला तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स तरी कर. रेफ्री-जजची परीक्षाही असते, त्यात पैसा फार नाही पण स्पर्धांना जाणं चालू राहतं आणि घरात बसून चिडचिड होत नाही. वहिनींना विचार, त्या दुजोरा देतील.

सोमवारी साडेपाचला ये. सब-ज्युनिअरची तीन पोरं आहेत, त्यातला एक साउथपॉ, म्हणजे डावखुरा, त्याचा डावा आता माझ्या कोपराला झेपत नाही, तो तुझ्याकडे. पाणी घरून आण, इथल्या नळाला सातशिवाय पाणी येत नाही.

तुझा,
सर