फ्यूज उडत नाही, हीच काळजी

प्रश्न : वय ४१. डोंबिवलीत १९७९च्या इमारतीत दोन खोल्या आहेत. लाकडी बोर्डावर अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. वायरिंग बदलायला ७० हजार सांगितलेत. सोसायटी दोन वर्षांत पुनर्विकासाला जाईल असं सभेत म्हणतात, मग हे पैसे इक्विटी फंडात टाकू का? १२ टक्के धरलेत. (एसी घेतल्यापासून फ्यूज उडायचा, वायरमनने जाड तार घातली, आता त्रास नाही.) घराचं काही झालंच तर बँकेतून घेतलेली एंडोमेंट (आयुर्विमा अधिक बचत) पॉलिसी आहे : हप्ता ४८ हजार, कव्हर ५ लाख.

उत्तर : फंडाचं आधी उरकतो. दोन वर्षं ही इक्विटीची मुदतच नव्हे. तुमचे १२ टक्के मिळाले तरी सुटतात १८ हजार. आणि सभेतला पुनर्विकास म्हणजे अजून बिल्डरही ठरलेला नाही.

खरी गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीत. दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर ओढतो, २ किलोवॅटचा गीझर ९, वर इस्त्री ४. झाले वीस. बारीक तार वितळायची ती भिंतीतली वायर वाचावी म्हणून. आता तार टिकेल आणि वायर तापेल. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. मेन बंद करून किटकॅट ओढून बघा, टोकाशी काळं पडलंय का, बोर्डाला करपट वास येतो का.

भिंती फोडून कन्सील्ड कशाला? इमारत पाडायचीच असेल तर भिंतीवरून जाणाऱ्या केसिंग-पट्टीतून करा, बरंच स्वस्त पडेल. पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) आणि धड अर्थिंग हवंच. शॉकने माणूस जातो तेवढ्या करंटला फ्यूज हलत नाही, एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पण नाही. ही उपकरणं पुढे काढून नेता येतात. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच.

आता ती पॉलिसी. ५ लाख आहेत तुमच्या जिवावर. घर जळालं तर त्यातून दमडी मिळणार नाही. ४८ हजारांत ५ लाख! एक कोटीचा टर्म प्लॅन (बचत नसलेला, निव्वळ आयुर्विमा) याहून बऱ्याच कमी हप्त्यात मिळतो. तो हातात पडला की एंडोमेंटची सरेंडर (आता मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून ठेवली तर उरणारी) किंमत कळवा. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही घरविम्याची पॉलिसी घ्या. २०२१पासून मिळते आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, सामानही त्यात येतं.

जाड तार मात्र आजच काढून घ्या. फ्यूज पुन्हा उडेल, उडू दे. काम होईपर्यंत गीझर बंद केल्यावरच एसी लावा.