देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली, असं बायबल म्हणतं. मग धरती ओरबाडणं, बाँब बनवणं हीसुद्धा देवाचीच आज्ञा का?

हा प्रश्न आमच्या घरात भर जेवणात भांडून झालाय, म्हणून लिहितो.

आम्ही वसईचे कॅथलिक, केळी आणि पानवेलीवाले. नव्वदच्या दशकात इमारती उठल्या, त्यांना पाणी नव्हतं, आणि विहिरीवाल्यांच्या दारात टँकर लागले. माझ्या थोरल्या भावाने आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली. रात्री दोनपासून उजाडेपर्यंत चार-पाच टँकर भरून जायचे. समुद्र एवढा जवळ, की गोडं पाणी जास्त उपसलं तर खारं आत शिरतं, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. दुसऱ्याच उन्हाळ्यात केळीच्या पानांच्या कडा करपल्या. घरात डाळ शिजेना. आईने तांब्यातला एक घोट घेतला आणि चूळ टाकावी तसा अंगणात टाकला.

रविवारी मिस्सावरून आल्यावर मी विषय काढला. दादा ताटावरून न उठता म्हणाला, "उत्पत्ती १:२८ वाच. सत्तेखाली आणा, असंच लिहिलंय."

बायबलच्या त्या पहिल्याच पुस्तकात तसं लिहिलंय, खरं आहे. पण पुढच्याच अध्यायात, २:१५ मध्ये, माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. त्या राखणीला हिब्रूत जे क्रियापद आहे, तेच ४:९ मध्ये भावाला मारून आलेल्या काइनाच्या तोंडी येतं: मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं २०:१९ तर थेट युद्धातलं आहे. शहराला वेढा घातलात तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या परिपत्रकात त्याच २:१५ वर बोट ठेवलं तेव्हा जगाला नवल वाटलं. आमच्याकडे वसईचेच धर्मगुरू फादर दिब्रिटो आणि हरित वसई चळवळवाले ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून माती-पाण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांना ऐकून घ्यावं लागलं ते आमच्यासारख्या घरांतूनच.

बाँबचं म्हणाल, तर नागासाकीचा बाँब फुटला उराकामी कॅथेड्रलपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. टाकणारा देश बहुसंख्य ख्रिस्ती, आणि खाली चर्चमध्ये पापांच्या कबुलीसाठी रांगेत बसलेले ख्रिस्तीच. त्यावर मी शहाणपणा काय शिकवू.

आता हेही सांगतो. त्या इमारतींतल्या माणसांना तहान नव्हती असं नाही, आणि सगळे टँकरवाले चोर नव्हते. पण तुमच्या घरात कोणी १:२८ फेकून मारत असेल तर त्याच्यापुढे ४:९ उघडून ठेवा. मी त्या रविवारी ठेवलं नाही. वचन पाठ होतं, पण माझ्या डिप्लोमाच्या दोन वर्षांची फी त्याच टँकरच्या पैशातून गेली होती, आणि दादाने ते तोवर एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.